आधी वांगं, मग मसाला



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेला जमतो, त्या गृहविज्ञान शिकवत. चिरलेली भाजी काळी का पडते, चिंच आधी घातली की भाजी शिजायला वेळ का लागतो, असे प्रश्न त्या वर्गात विचारत आणि मुलींना उत्तरं शोधायला लावत. स्वयंपाकघरात रोज जे घडतं त्याला कारणं असतात आणि ती शोधण्याजोगी असतात, यावर त्यांचा विश्वास होता. त्याच विश्वासाने मी आज घरच्या वांग्याबद्दल बोलणार आहे.

वांगं कसं करता, असं कुणालाही विचारलं की बोलणं लगेच मसाल्यावर जातं. गोडा मसाला की काळा, कांदा-लसूण मसाला की नुसतं तिखट-मीठ, दाण्याचं कूट किती, खोबरं भाजलेलं की ओलं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण माझं म्हणणं असं की वांग्याची पाककृती त्याच्या बरीच आधी, बाजारात वांगं हातात घेतलं की तिथेच सुरू होते. आपल्याकडच्या प्रत्येक रितीमागे एक विशिष्ट वांगं उभं आहे. भरताचं वांगं भरून करता येत नाही, भरायच्या वांग्याचं भरीत होत नाही, आणि कापाला या दोन्हींपेक्षा वेगळं वांगं लागतं. आपल्या बऱ्याच पाककृती ‘वांगी पाव किलो’ एवढंच लिहून पुढे जातात. १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून मराठीत पाककृती छापल्या जात आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या दोघींनी चिमूट-पसा-ओंजळीचं ज्ञान कागदावर उतरवलं, हे मोठंच काम. पण कोणतं वांगं घ्यायचं, हे ज्ञान बहुतांशी बाजारात आईच्या मागे पिशवी धरून चालणाऱ्या मुलींकडेच राहिलं.

वांगं हे इथलंच पीक आहे. भारत आणि त्याच्या पूर्वेचा प्रदेश हेच त्याचं मूळ घर, आणि आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत ते ‘वार्ताक’ म्हणून भेटतं. त्याच्या कुळातले आपल्या स्वयंपाकघरातले बाकीचे, म्हणजे बटाटा, टोमॅटो आणि मिरची, अमेरिका खंडातून आले. पोर्तुगीज इथल्या किनाऱ्याला लागले १४९८ साली. ही मंडळी त्यानंतरची. शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे आज ज्याला आपण अस्सल गावरान भरीत म्हणतो, त्यातली हिरवी मिरची आणि दाणे हे पाहुणे आहेत आणि वांगं तेवढं घरचं. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या स्वयंपाकात जुनं काय आणि नवं काय, यावर भांडणाऱ्यांनी एकदा भरताच्या ताटाकडे नीट बघावं.

आता वांग्याच्या गराकडे वळू. शंभर ग्रॅम वांग्यात ९२ ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, तरी ते पाण्यावर तरंगतं. कारण त्याच्या गरात पेशींच्या मधल्या जागेत भरपूर हवा असते. स्पंजासारखा हा गर तव्यावर पडला की हवा निघून जाते आणि तिची जागा तेल घेतं. दोन पळ्या तेल घालावं, वांगं ते शोषून कोरडं पडावं, आणखी दोन पळ्या घालाव्या, तेही गडप व्हावं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. पण पुढे काय होतं? शिजता शिजता पेशींच्या भिंती खचतात, पोकळ्या मिटतात आणि आत गेलेलं तेल बाहेर पडायला लागतं. ‘तेल सुटेपर्यंत परता’ असं आपल्या आज्या सांगत, त्याचा अर्थ हाच. तेल सुटलं म्हणजे गर पूर्ण शिजला. घड्याळापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे. घाई करून आणखी तेल ओतणारी व्यक्ती शेवटी तवंगाची भाजी वाढते.

वांग्याची प्रत्येक रीत ही या हवेचं, पाण्याचं आणि तेलाचं काय करायचं याचा एकेक निर्णय आहे. भरतात आपण तेलाला आत येऊच देत नाही. वांग्यातल्या पाण्याची वाफ त्याला आतून शिजवते. कापांना मीठ लावून ठेवतो तेव्हा मीठ पाणी ओढून घेतं, गर आधीच बसतो आणि तेल कमी लागतं. भरल्या वांग्यात तेल आणि वाफ दोन्ही लागतात, म्हणून ते सगळ्यांत नाजूक काम.

चिरलेलं वांगं काळं पडतं तेही गरातल्या द्रव्यांमुळेच. त्यात क्लोरोजेनिक आम्ल असतं. पेशी चिरल्या गेल्या की एक विकर त्याच्यावर काम करू लागतं आणि हवेच्या संगतीने फोडी तपकिरी होतात. विळी लोखंडी असेल तर लोहामुळे रंग आणखी गडद होतो. मिठाच्या पाण्यात फोडी टाकायच्या त्या हवेपासून वाचवण्यासाठी. थोडा तुरटपणाही त्या पाण्यात उतरतो. पण फोडी तासभर पाण्यात ठेवू नयेत. चव पाण्यात जाते आणि पाणी आपण मोरीत ओततो.

भरताबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण वांग्याशी सर्वांत प्रामाणिक राहिलेली रीत ती आहे. त्यासाठी जळगाव जिल्ह्यात जावं लागतं. तिथलं भरताचं वांगं फिकट हिरवं, पांढऱ्या छटेचं, मोठं आणि मांसल असतं आणि त्यात बिया कमी असतात. बामणोद आणि आसोदा ही गावं या वांग्यासाठी जिल्ह्याबाहेरही ओळखली जातात. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांचा जन्म तिथे १८८० साली झाला. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा अर्थ या मातीत आणि या थंडीत वाढलेल्या वांग्याचं वेगळेपण कायद्यानेही मान्य केलं. मला वाटतं, त्याआधी किती तरी पिढ्या ते खानदेशच्या बायकांनी मान्य केलेलं होतं, आणि तीच खरी मोहोर.

थंडी पडली की तिकडे शेतात भरताच्या पंगती बसतात. वांगी भाजायला लाकडाचे ओंडके वापरत नाहीत. वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची खोडं, पेटवतात. त्यांचा जाळ चटकन भडकतो, साल पटापट करपते आणि धुराचा वास गरात उतरतो. कपाशीच्या मुलखात कपाशीच्याच काटक्यांवर भाजलेलं वांगं, यात कसली हौस किंवा देखावा नाही. हाताशी असलेलं जळण आणि हाताशी असलेली भाजी यांची ती जोडी आहे. वांग्याला आधी सुरीने टोचे मारतात, नाहीतर आतल्या वाफेने ते फुटतं. सोबत हिरव्या मिरच्याही भाजतात. मग साल काढून वांगी बडजी नावाच्या लाकडी भांड्यात घालून लाकडानेच ठेचतात. मिक्सरचं पातं बिया कातरतं, गर चिकट होतो आणि कडवटपणा वर येतो. ठेचल्याने गराचे तंतू सुटे होतात आणि बिया अखंड राहतात. दोन्हींतला फरक जिभेला पहिल्या घासालाच कळतो.

पुढे तेलात लसूण-मिरचीचा ठेचा, अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि मूठभर कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. शेजारी कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. पाहुणे असतील तर पुऱ्या. यात मसाला घातला की वांग्याचा धुरकट गोडवा मरतो. खानावळींतून हल्ली भरतात टोमॅटो-कांद्याचा लाल रस्सा घालतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तो पदार्थ चवीला वाईट असेलच असं नाही, पण त्यात वांगं सापडत नाही.

पुण्याकडे, देशावर, भरताचं दुसरं रूप आहे. भाजलेल्या गरात कच्चा कांदा, दही, मीठ-साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. याला गोड दही आणि पूर्ण निवलेला गर लागतो. गरम गरात दही फुटतं. खानदेशी भरीत जेवणाचा मुख्य पदार्थ, तर हे ताटाच्या डाव्या बाजूचं. दोघांची तुलना करू नये.

चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. ज्या घरांत चातुर्मास पाळतात तिथे आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण आणि वांगं बंद होतं. कांदेनवमीला शेवटचं पोटभर खाऊन घेतात आणि काही घरांत थेट चंपाषष्ठीलाच वांग्याला हात लावतात. या नियमामागचं विज्ञान शोधण्याची घाई मी करणार नाही. परिणाम मात्र दिसतो. पावसाळी कीड लागलेल्या वांग्याऐवजी थंडीतलं कोवळं वांगं पहिल्यांदा ताटात येतं आणि त्याची वाट पाहिलेली असते. आणि हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे की हा नियम सर्वांचा नव्हता. दर्यावर होड्या बंद असतात त्या महिन्यांत किनाऱ्यावरच्या घरांत सुकट-वांगं आणि जवळा-वांगं शिजतच होतं. कष्टकऱ्यांच्या भाकरीवरही वांगं होतंच. वांग्याचा इतिहास सांगताना एकाच आळीतला सांगून भागणार नाही.

सुक्या मासळीचा विषय निघाला आहे तर कोकणाकडे वळू. ती आणि वांगं यांचं जमतं, त्याचं कारण पुन्हा तो पोकळ गरच. सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचा, अर्क आणि खारटपणा पाण्यात उतरतो आणि वांगं तो पिऊन घेतं. सोडे आधी कोमट पाण्यात भिजवून, चोळून धुवावेत. कांदा परतून त्यात सोडे, मग वांग्याच्या फोडी आणि शेवटी कोकम. सीकेपी घरांत ही भाजी ज्या निगुतीने करतात ती पाहण्यासारखी असते. गोव्यात आगशीची मोठी वांगी कापांसाठी नावाजलेली. बोटभर नाही, अर्ध्या बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या, मीठ-हळद-तिखट, थोडा वेळ निथळू द्यायच्या, मग तांदळाची पिठी आणि रव्यात घोळवून तव्यावर. पिठीचा थर तेलाला अडवतो, म्हणून बाहेर कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं मऊ. पिठी लावून चकत्या ठेवून द्यायच्या नाहीत. ओल सुटते आणि थर सुटून तव्याला चिकटतो.

भरली वांगी हा आपल्या घराघरांतला वादाचा पदार्थ, आणि तो वाद व्हायलाच हवा. वांगं लहान, जांभळं, देठाला काटे असलेलं. कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीतली काटेरी वांगी यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि पुण्याकडे मांजरी गोटा. घेताना तीन गोष्टी बघायच्या. साल तकतकीत हवी. निस्तेज झाली म्हणजे वांगं जून. अंगठ्याने दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. आणि आकाराच्या मानाने ते हलकं लागावं. जड वांग्यात बिया. देठाजवळ बारीक छिद्र दिसलं तर ते बाजूला ठेवायचं, आत अळी असते.

देठ काढायचा नाही, फक्त टोक छाटायचं. खालून अधिक चिन्हासारख्या दोन चिरा, देठापर्यंत पण देठातून नाही. चारही पाकळ्यांना धरून ठेवणारा तोच, आणि शिजल्यावर चोखायला तोच सर्वांत चवदार. सारणात दाण्याचं कूट, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, गूळ आणि चिंचेचा कोळ. सोलापूरकडे दाण्याचा हात सैल, कोल्हापुराकडे कांदा-लसूण मसाला पुढे, पुण्याच्या घरांत गूळ स्पष्ट लागतो. चिंचेचं काम फक्त चवीचं नाही. आंबटपणात भाजीचा ताठा टिकतो, पेशी लवकर विरघळत नाहीत. म्हणूनच भरलेलं वांगं शिजूनही अखंड राहतं. तोच कोळ नुसत्या परतलेल्या फोडींवर सुरुवातीलाच घातला, तर त्या चामट राहतात. ज्या बाईंचं आज स्मरण करतो, त्यांच्या वर्गातला प्रश्न हाच होता.

आणि ते झाकणावरचं पाणी. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालायचं, ही महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांची फार हुशार युक्ती आहे. ताटली गार राहते म्हणून आतली वाफ तिच्या तळाला थेंब होऊन परत कढईत पडते. भाजी तिच्याच पाण्यात शिजते. शिवाय ताटलीतलं पाणी तोवर तापलेलं असतं. रस्सा वाढवायचा तर तेच घालायचं. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि सुटलेलं तेल व रस वेगळे दिसू लागतात. ही युक्ती कोणत्या बाईने शोधली ते कळायला मार्ग नाही, पण तिला माझा नमस्कार आहे.

विदर्भ-मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला आलू-वांग्याचा झणझणीत रस्सा असतो. तिथे वांग्याने अखंड राहावं अशी अपेक्षाच नाही. थोडं विरघळून त्याने रश्शाला दाटपणा द्यायचा, आकार सांभाळायचा तो बटाट्याने. एकाच कुळातले हे दोघे, एक इथला आणि एक समुद्रापलीकडचा, पातेल्यात कामं वाटून घेतात. खानदेशात वरण-बट्टीबरोबरची घोटलेली वांगी याच्याही पुढे जातात: मिरच्या आणि दाण्यांबरोबर वांगी शिजवून थेट घोटून टाकायची. भोगीच्या मिसळीच्या भाजीत मात्र वांगं एकटं नसतं. हरभऱ्याचे सोलाणे, पावटे, गाजर, बोरं, तीळ यांच्यात त्याने बाकीच्यांचे रस एकत्र धरायचे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी सोबत. वांगी भाताबद्दल एवढंच सांगेन की फोडी आधी तेलात पूर्ण परतून घ्याव्यात. अर्धकच्च्या फोडी तांदळाचं पाणी पितात आणि भात फडफडीत राहतो.

फ्लॅटमध्ये पऱ्हाट्या कुठून आणायच्या, हा प्रश्न रास्त आहे. गॅसच्या आचेवर जाळी ठेवून, तेलाचं बोट फिरवून, वांगं सतत वळवत भाजलं तर चांगलं भरीत होतं. साल सगळीकडून काळी होऊन गर देठापाशी मऊ लागेपर्यंत थांबायचं आणि मग झाकून ठेवायचं. नळाखाली धुवायचं नाही. ओल्या बोटांनी साल काढायची, नाहीतर धूर वाहून जातो. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींना तिथली मोठी गडद जांभळी वांगी मिळतात. ती ओव्हनच्या वरच्या आचेखाली भाजून चाळणीत निथळून घेतली तर भरताला चालतात, भरायला नाहीत. भरायची लहान वांगी भारतीय दुकानांत शोधावीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगत आले, ती. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. ती एकदा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारत राहतो. यावर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने बीटी, म्हणजे जनुकबदल केलेलं, वांगं तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ साली परवानगी दिली आणि तिथले शेतकरी ते पिकवतात. फवाऱ्याने शेतकऱ्याचं शरीर पोळतं हे खरं आहे, आणि त्यावर उपाय शोधणाऱ्यांना मी शत्रू मानत नाही. पण त्या वादात स्वयंपाकघराचा प्रश्न फार थोडा विचारला गेला. बीटी असो वा साधं संकरित, बाजाराला एकसारखं, टिकाऊ, दूर पाठवता येणारं वांगं हवं असतं. ते एक वांगं सगळीकडे पोचलं तर बामणोदच्या भरताचं काय, कृष्णाकाठच्या काटेरी वांग्याचं काय, आगशीच्या कापांचं काय? मसाला तोच राहील आणि पदार्थ निघून जाईल.

म्हणून ज्यांच्या घरी परसात दोन वाफे आहेत, त्यांच्यासाठी बी धरण्याची जुनी रीत सांगते. संकरित वांग्याचं बी धरून उपयोग नाही. पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. देशी वाणाचं निरोगी झाड निवडा आणि त्याच्यावरचं एक चांगलं फळ तोडू नका. शेजारी दुसऱ्या वाणाची वांगी नसावीत. वांगं बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, पण मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. ते फळ झाडावरच पिवळं होऊन सुरकुतेपर्यंत राहू द्या. मग कापून गर पाण्यात चुरगाळा. भरलेलं बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं. वरचं ओतून द्या. तळाचं बी सावलीत वाळवा, चुलीच्या राखेत घोळवा आणि कोरड्या डब्यात ठेवा. डब्यावर वाणाचं नाव, गाव आणि ते कशासाठी, भरताला की भरायला, हे लिहून ठेवा. ज्येष्ठात गादीवाफ्यावर पेरलं की महिना-सव्वा महिन्यात रोपं लावणीला येतात.